परमिट

पहाटे साडेपाचला ग्राउंडवरचा खांब
अजून गार असतो.
आठ वाजले की सोलापूरचं ऊन त्यात उतरतं,
मग तो हात धरू देत नाही.
म्हणून मी विडी घरकुलातून
अंधारातच सायकल काढते.
कॅरिअरला सेफ्टी बेल्ट,
डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि तोंडात, पेडल मारता मारता,
अकरा केव्ही, चारशे चाळीस, दोनशे तीस,
पिन इन्सुलेटर, डिस्क इन्सुलेटर, जंपर.
वाटेतली कुत्री आता भुंकत नाहीत.
त्यांचंही पाठ झालं असावं.

कट्टीमनी सर कमी बोलतात.
सुपारी कातरत खालून म्हणतात,
"बोद्दुल, कंबर मागं टाक बे.
बेल्टवर भरवसा नाही का तुझा?"
नव्हता.
अकरा दिवस मी खांबाला
ताप आलेल्या लेकरासारखी चिकटून.
मांड्या सोलल्या. आईनं खोबरेल लावलं
तंबाखूच्या वासाच्या बोटांनी,
तेलुगूत म्हणाली,
खांबाला कातडं नाही, तुला आहे,
एवढं त्याच्यासारखं होऊ नको.

बाराव्या दिवशी दोन्ही हात सोडले.
बेल्ट करकरला, आणि धरला त्यानं.
बंद गिरणीची चिमणी
पहिल्यांदाच माझ्यापेक्षा फार उंच वाटली नाही.

बॅचमध्ये आम्ही दोघीच मुली.
महानंदा मठपतीला उंचीची भीती नाही, गणिताची आहे.
मी तिला ओहमचा नियम देते,
ती मला खांब.

सामान वर ओढायची गाठ मात्र
दोघींनाही यायची नाही.
दोरी घेऊन नायनांच्या मागाशेजारी बसले.
तुटलेला धागा ते दोन बोटांत सांधतात,
न बघता, बोलता बोलता.
माझी दोरी त्यांनी उलटसुलट केली, परत दिली.
"माझ्या गाठीवर चादर पेलते.
हिच्याखाली माणूस उभा असणार.
ही मला येत नाही बाळा,
सावकाश शीक."

चाचणीला मी सगळ्यात आधी वर.
चव्वेचाळीस सेकंद.
पोरांनी शिट्ट्या मारल्या.
सरांनी वहीत शून्य लिहिलं.
"परमिटवर सही कुणाची?"
"सर, हा शिकायचा खांब. ह्याला सप्लाय कुठाय?"
"तारेला विचारलीस?"
शिट्ट्या थांबल्या.
"अर्थिंग लागेपर्यंत ती जिवंत. शिकायची असली तरी.
चाळीस वेळा फॉर्म भरून आण."

रात्री आईशेजारी बसून भरले.
फीडरचं नाव, खांब क्रमांक, वेळ,
काम करणाऱ्याचं नाव: श्रीलता यादगिरी बोद्दुल.
सोळाव्या फॉर्मला माझंच नाव
मला परकं वाटायला लागलं.
आई पंचवीस विड्यांचा कट्टा बांधायची,
बांधलेला पुन्हा मोजायची.
म्हटलं, आत्ताच मोजलास ना?
"मघाशी मोजला तो मघाशीचा,"
आणि पुढचं पान कापायला घेतलं.

तेवढ्यात लाइट गेली.
गल्लीतले सगळे माग एकदम गप्प,
इतके, की नायना बाहेर येऊन उभे राहिले,
रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून.
अंबूबाई कोंगारी पदरानं वारा घेत ओरडली,
"श्रीलता, सांग की गं तुझ्या माणसांना!
जीव चालला उकाड्यानं!"

दर वेळी मीही ओरडायचे.
आज ओट्यावर बसले, दोरी मांडीवर.
कुठल्यातरी खांबाखाली
कुणीतरी फोन कानाला लावून
फीडरचं नाव दोनदा म्हणत असेल,
पलीकडून ते दोनदा ऐकत असेल.
टेस्टर तपासायच्या आधी
टेस्टरच तपासत असेल.

"येईल मावशी," म्हटलं.
"घाई नका करू त्याला."

अंधारात गाठ मारली. सोडली.
मारलेली मघाशीची,
म्हणून पुन्हा मारली.
चोवीस फॉर्म राहिलेत,
आणि मेणबत्ती कुठं ठेवलीय
ते आईलाही आठवत नाहीये.